नसत्या उद्योगाच्या नोंदी : ६१७४ चे झुलते झाड

रविवार, ५ जानेवारी २०२५

कोणत्याही वहीच्या पहिल्या पानावर प्रकल्पाचे नाव, उद्दिष्ट आणि मुदत लिहायची ही माझी नोकरीतली सवय आहे. आज मुदतीची जागा कोरी सोडली, उद्दिष्टाच्या जागी एक आडवी रेघ मारली आणि नावाच्या जागी ‘नसता उद्योग’ असे लिहिले. लहानपणी घड्याळ उघडून बसलो की हेच दोन शब्द कानावर पडत, आणि ते पडले की काम रंगात आले आहे असे मी खुशाल समजत असे. गेल्या काही वर्षांत मी जे जे शिकलो ते कुठल्या तरी प्रमाणपत्रासाठी, बढतीसाठी किंवा निदान बायोडेटातील एका ओळीसाठी शिकलो. त्यात वाईट काही नव्हते. पण त्यातला एकही विषय पुढे रविवारी सकाळी आपण होऊन आठवला नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती.

उद्योगाचा विषय वर्षाच्या आकड्यानेच सुचवला. २०२५ चे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली, तर ४५ येतात, आणि ४५ चा वर्ग पुन्हा २०२५ च येतो. ४५ सारख्या, म्हणजे वर्गाचे असे तुकडे करून बेरीज केली की स्वतःच परत मिळणाऱ्या, संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि संख्यांशी खेळणे हा त्यांचा जन्मभराचा छंद होता. १९४९ साली त्यांनी दाखवलेली गंमत याहून प्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करावी आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करत राहावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत आपण ६१७४ वर पोहोचतो आणि तिथून पुढे हलता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की ६१७४ च उरतात.

२०२५ घेऊन बसलो. ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या खेपेला ६१७४. पुढची खेप उगाचच करून पाहिली. उत्तर ठाऊक असताना केलेली ती वजाबाकी आजच्या दिवसातली सर्वांत आनंदाची होती.

ठरवले आहे ते असे. चार अंकी सगळ्या संख्या कोणकोणत्या वाटांनी ६१७४ कडे येतात, त्याचे चित्र हाताने काढायचे. संगणक वापरायचा नाही, निदान अखेरीपर्यंत तरी नाही. घरात जे आहे त्यातच भागवायचे. आणि हे काम अर्धवट सोडावेसे वाटले, तर कारण न देता सोडायचे.

गुरुवार, ९ जानेवारी

संध्याकाळी दोन तास मिळाले. सगळे अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या आणि सुरुवातीची शून्ये धरली, तर ९९९० संख्या होतात. त्या सर्वांची वजाबाकी हाताने करणे म्हणजे निव्वळ हट्ट झाला असता; म्हणून आधी थोडी बीजगणिताची मदत घेतली. उतरत्या क्रमाने मांडलेले अंक क, ख, ग, घ असे धरले, तर वजाबाकीचे उत्तर ९९९ गुणिले (क−घ) अधिक ९० गुणिले (ख−ग) एवढेच असते. म्हणजे संख्या कोणती आहे याला महत्त्वच राहत नाही. टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक, एवढे दोनच आकडे पुढचे सगळे ठरवतात. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. दोनपासून दहापर्यंतची बेरीज केली की ५४ येतात. ९९९० संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येऊन थांबते.

पुढे आणखी एक पायरी आहे. त्या ५४ उत्तरांचे अंक उतरत्या क्रमाने लावले, तर त्यांतली बरीचशी एकमेकांचीच सोंगे निघतात. कागदावर खोडत खोडत गेलो आणि शेवटी ३० गट उरले. रात्री पुन्हा मोजले, तरी ३० च.

हे गणित नवे नाही. अनेकांनी ते करून ठेवलेले आहे आणि शोधले असते तर पाच मिनिटांत वाचायला मिळाले असते. पण वाचले असते, तर ३० हा आकडा माहितीच्या खात्यात जमा झाला असता. आज तो माझ्या दोन तासांतून बाहेर आला आहे आणि खोडलेल्या ओळींसकट वहीत आहे. दुसऱ्याने आधी चढलेला डोंगर आपण चढलो तर तो काही लहान होत नाही. कामाच्या जगात मात्र ‘हे आधीच झालेले आहे’ या चार शब्दांनी प्रश्न मिटतो, आणि तिथे तो मिटणे योग्यही असते.

रविवार, १२ जानेवारी

चित्र काढले आणि ते चुकले. चूक लिहून ठेवण्यासारखी आहे.

तीस गटांना तीस वर्तुळे दिली आणि प्रत्येकातून पुढच्या वर्तुळाकडे बाण काढत गेलो. ८५३२ मधून बाण थेट ६१७४ कडे गेला. ६६४२ मधून २४६६ वजा केले, तर ४१७६ आले. ७५३३ मधून ३३५७ वजा केले, तरी ४१७६ च. ही काही ६१७४ नव्हे, म्हणून ४१७६ साठी मी वेगळे वर्तुळ काढले. त्यामुळे एकूण वर्तुळे एकतीस झाली आणि हिशेब जुळेना. अर्धा तास मी वजाबाक्यांतली चूक शोधत होतो, आणि वजाबाक्या सगळ्या बरोबर होत्या. मग लक्षात आले की ४१७६ आणि ६१७४ यांचे अंक तेच आहेत. माझी वर्तुळे संख्यांची नव्हतीच, ती अंकांच्या गटांची होती, आणि ७६४१ या गटात ६१७४ च्या शेजारी ४१७६ केव्हाची बसलेली होती. मी ज्या दारापुढे उभा राहून पत्ता विचारत होतो, तेच घर होते.

चूक दुरुस्त झाल्यावर चित्र एकदम सुंदर झाले. मुळाशी ७६४१. त्याला तीनच फांद्या. पहिली ८५३२ ची, तिच्यावर तिच्यासकट वीस गट. दुसरी ६६४२ ची, तिच्यावर आठ. तिसरी ७५३३ ची, आणि तिच्यावर ती एकटी. तिच्याकडे कोणताही गट येत नाही आणि ती एका ढांगेत मुळाशी पोहोचते. एक, आठ आणि वीस, मिळून एकोणतीस, आणि मूळ धरून तीस.

कागद भिंतीला टेकवून ठेवताना तो उलटा लागला. झाडाचे मूळ वर गेले आणि फांद्या खाली लोंबू लागल्या, वंशावळीत मूळ पुरुष वर असतो तशा. तो तसाच राहू दिला आहे.

रविवार, १९ जानेवारी

या आठवड्यात काम झाले नाही, बोलणे मात्र झाले. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला भिंतीवरचे चित्र फोनवर दाखवले. तो मनापासून खूश झाला आणि लगेच म्हणाला, “अहो, याचे अ‍ॅप करा. मुलांच्या शिकवण्यांसाठी चालेल. निदान पोर्टफोलिओत तरी टाका.” सूचना प्रेमाची होती, पण घरी येईपर्यंत मी मनात त्या अ‍ॅपचे पहिले पान आखले होते, रंग ठरवले होते आणि ‘वापरणाऱ्याला याचा उपयोग काय’ या प्रश्नाशी अडलो होतो. उलट्या झाडाचा विचार चार दिवस डोक्यातून साफ गेला. नसत्या उद्योगाला नाउमेद करणारे लोक फारसे धोक्याचे नसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येते. धोका असतो तो त्याला कामाला लावू पाहणाऱ्या हितचिंतकांचा.

बोलण्याच्या ओघात नेहमीचे दाखलेही निघाले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन कॉर्नेल विद्यापीठात असताना उपाहारगृहात कोणीतरी हवेत फेकलेली बशी डगमगत फिरताना त्यांनी पाहिली, गंमत म्हणून तिच्या गतीची समीकरणे मांडली, आणि त्या गमतीतूनच त्यांना पुन्हा भौतिकशास्त्राची गोडी लागून १९६५ च्या नोबेल पारितोषिकापर्यंतचे काम झाले, ही गोष्ट. मला ती आवडते. त्यातही विशेष आवडते ते हे, की बशी थोडीशीच तिरकी असेल तर ती एकदा स्वतःभोवती फिरेपर्यंत दोनदा डगमगते, आणि फाइनमन यांच्या आठवणींत हे प्रमाण नेमके उलटे छापले गेले आहे. पण ही गोष्ट ज्या हेतूने सांगितली जाते, तो हेतू मला पटत नाही. खेळा, कारण खेळातून नोबेल मिळू शकते, असा तिचा अर्थ लावला की करिअर मागच्या दाराने आत येते आणि खेळाच्या मानगुटीवर बसते. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या नव्या, पुढे लिनक्स म्हणून गाजलेल्या संगणक कार्यप्रणालीची ओळख ‘नुसता छंद’ अशीच करून दिली होती, हाही दाखला तसाच वापरला जातो. ज्यांच्या छंदातून पुढे काहीच निघाले नाही, अशांची गोष्ट कोणी सांगत नसल्यामुळे, छंदातून काहीतरी निघतेच असा समज व्हायला वेळ लागत नाही.

त्यापेक्षा गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचे उदाहरण मला जवळचे वाटते, कारण तिथे क्रम उलटा आहे. माहिती सिद्धांताचा, म्हणजे संदेशातली माहिती मोजण्याच्या शास्त्राचा, त्यांचा पायाभूत निबंध १९४८ चा. चक्रव्यूहातून वाट काढणारा थीसियस नावाचा यांत्रिक उंदीर त्यांनी बनवला तो १९५० मध्ये. रोमन अंकांत हिशेब करणारे थ्रोबॅक नावाचे गणनयंत्र, चेंडू झेलणारी यंत्रे आणि संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांच्या कल्पनेवरून बनवलेली ती पेटी, जिची कळ दाबली की आतून एक हात बाहेर येऊन तीच कळ बंद करतो आणि परत आत जातो, हे सगळे त्यांच्या घरात होते. मिळवायची ती कीर्ती मिळालेली असताना एखादा माणूस रोमन अंकांचे गणनयंत्र बनवत बसतो, तेव्हा त्याला त्यातून काय साधायचे होते हा प्रश्नच गैरलागू ठरतो. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणाऱ्याने भिंतीला तुंबडी कशी चिकटते, हा प्रश्न बहुधा स्वतःला विचारलेला नसावा.

सहकाऱ्याला उद्या सांगणार आहे की अ‍ॅप होणार नाही.

रविवार, २६ जानेवारी

उलटे टांगलेले झाड कागदावरच का ठेवायचे, या विचाराने आज सकाळी उठलो. झाड खरोखर टांगायचे ठरले आहे. तीस चकत्या, त्यांच्यावर गटांचे अंक, एकोणतीस दोरे. ज्या गटाकडे एकाहून जास्त गट येतात त्याच्याखाली एक आडवी काडी, आणि काडीला त्या त्या फांद्या. मोजले तेव्हा अशा काड्या आठ लागणार असे दिसले. सगळे हवेत समतोल राहिले पाहिजे.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून चकत्या कापल्या. कंपासने आखलेले पहिले वर्तुळ आणि कात्रीने कापलेली तिसावी चकती यांत साम्य फारसे उरले नाही. काड्या बांबूच्या, प्रत्येकी ३० सेंटिमीटर लांबीच्या.

मुख्य काडीचा हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. तोल साधायचा तर आधाराच्या एका बाजूचे वजन गुणिले अंतर हे दुसऱ्या बाजूच्या वजन गुणिले अंतराइतके हवे. एका बाजूला वीस चकत्यांची फांदी आधारापासून ६ सेंटिमीटरवर टांगली, तर गुणाकार १२० होतो. दुसऱ्या बाजूला आठ चकत्यांची फांदी १२ सेंटिमीटरवर म्हणजे ९६, आणि एकटी ७५३३ अगदी टोकाला २४ सेंटिमीटरवर म्हणजे २४. बेरीज १२०. शिवाय ६ आणि २४ मिळून बरोबर ३०, म्हणजे काडीची पूर्ण लांबी. आकडे इतके गोड जुळले की मी उठून खोलीत एक फेरी मारून आलो.

नंतर वाटले की काड्यांनाही वजन असते. एक काडी जवळजवळ एका चकतीइतकी भरते. विसांच्या फांदीत पाच काड्या आहेत, आठांच्या फांदीत दोन, आणि मुख्य काडीचा मध्य आधारापासून ९ सेंटिमीटर एकटीच्या बाजूला पडतो. पुन्हा हिशेब केला : एका बाजूला १५०, दुसऱ्या बाजूला १५३. एकूण वजन ३७ चकत्यांचे, त्यामुळे आधाराची गाठ एका मिलिमीटरहूनही कमी सरकवली की काम झाले. एवढे तर बोटानेही सरकवता येईल असे म्हणून दोरे कापायला घेतले.

रविवार, २ फेब्रुवारी

कोसळले. म्हणजे तुटले नाही, पण उभे राहिले.

चार तास खालून वर बांधत गेलो, कारण प्रत्येक फांदीचा तोल आधी साधल्याशिवाय वरची काडी बांधण्यात अर्थ नाही. सगळे तयार झाल्यावर मुख्य काडी छताच्या हुकाला टांगली आणि हात काढला. क्षणभर ती आडवी राहिली, मग संथपणे, कसलीही घाई न करता, एका बाजूने खाली जाऊन पूर्ण उभी झाली. गाठ केसभर सरकवली, तर ती दुसऱ्या बाजूने उभी झाली. मधली जागा सापडेना. वीस चकत्यांच्या फांदीने आठांच्या फांदीला मिठी मारली आणि पुढचा एक तास गुंता सोडवण्यात गेला. सुरगाठी मारायला हव्या होत्या तिथे मी उत्साहाच्या भरात सगळीकडे निरगाठी मारून ठेवल्या होत्या.

भाची आली होती. ती शांतपणे पाहत होती. म्हणाली, “मामा, गणित बरोबर होतं ना?” मी म्हटले, होते. “मग याला का कळत नाही?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर रात्री सापडले आणि ते माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकल्पातले सर्वांत मोठे घबाड आहे. काडी सरळ आहे आणि तिला वरून धरणारी गाठ व तिच्यावरून लोंबणारे दोरे जवळजवळ एकाच रेषेत आहेत. अशी काडी तिरकी झाली की दोन्ही बाजूंची आडवी अंतरे एकाच प्रमाणात कमी होतात. त्यामुळे तोल अगदी अचूक असेल, तर ती कोणत्याही कोनात तितक्याच समाधानाने राहील. तिला आडवेच राहावे असे वाटण्याचे काही कारण नाही. आणि तोलात कणभर जरी फरक असला, तरी तिला मध्ये कुठे थांबवणारे काहीही नसल्याने ती उभी होईपर्यंत फिरत जाते. माझे समीकरण तोल कुठे आहे ते सांगत होते. तो टिकेल की नाही, हे मी त्याला विचारलेच नव्हते. उपाय असा, की आधाराचा बिंदू वजने टांगलेल्या रेषेच्या वर हवा. मग काडी एका बाजूला झुकली, की सगळ्या वजनांचा मध्य आधाराच्या उभ्या रेषेतून बाजूला सरकतो आणि काडीला परत ओढतो. आधार जितका वर, तितकी ती शांत; जितका रेषेच्या जवळ, तितकी ती हळवी. तराजूची दांडी बनवणाऱ्यांना हे पूर्वापार माहीत असणार. मी तराजू असंख्य वेळा पाहिला आहे आणि त्याच्या दांडीकडे एकदाही पाहिलेले नाही.

लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. मी निघालो होतो वजाबाकीच्या मागे आणि आता दांडीच्या वाकाचा विचार करतो आहे. कार्यालयात असे झाले असते, तर त्याला विषयांतर म्हटले असते, बैठक झाली असती आणि मूळ उद्दिष्टाकडे परत आणण्यासाठी मला एक आठवडा दिला गेला असता. इथे मूळ उद्दिष्टाच्या जागी आडवी रेघ आहे. त्यामुळे वाट बदलली तरी कोणाची फसवणूक होत नाही आणि दंडही भरावा लागत नाही. लहान, निरुद्देश प्रकल्पाचे मोल मला विचारले, तर मी आज हेच सांगेन : त्यात डगमगणाऱ्या वस्तूकडे ती का डगमगते म्हणून पाहत बसता येते, तिला लगेच हाताने थांबवावे लागत नाही. काम लहान असणेही इथे महत्त्वाचे आहे. यात माझे चार रविवार आणि एक खोके गेले आहे. वर्षभराची मेहनत गेली असती, तर मीही वाट बदलायला तयार झालो नसतो, काडीला शिसे बांधून ती जबरदस्तीने आडवी केली असती आणि विषय संपवला असता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काही केले नाही. गुंता टेबलावर आहे. रविवारीही हात लावला नाही, आणि त्याबद्दल कोणाला कळवायचे नाही ही जाणीव सुखाची आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

बांबूच्या काड्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी तार वापरली. तारेला धनुष्यासारखा वाक देता येतो : मधला आधार वर, दोन्ही टोके खाली. पकडीने टोकांना आणि मध्ये छोट्या कड्या वळवल्या. तारेचे वजन वेगळे असल्याने जुने आकडे निरुपयोगी झाले, आणि या खेपेस मी नवे मांडलेच नाहीत. प्रत्येक तार बोटावर तोलून पाहिली, कडी कुठे हवी ते बोटानेच ठरवले. सगळीकडे सुरगाठी.

दुपारी टांगले. हात काढला. झाड एका बाजूला झुकले, थांबले, परत आले, दुसऱ्या बाजूला थोडे कमी झुकले, आणि असे करत करत स्थिर झाले. मी फुंकर घातली. ते पुन्हा सगळे हलले आणि पुन्हा जागेवर आले. किती वेळ फुंकर घालत बसलो ते लिहीत नाही.

टांगल्यावर जे दिसते ते कागदावर दिसत नव्हते. हवेची झुळूक आली की विसांची फांदी आधाराजवळ जागच्या जागी घुमते, तर एकटी ७५३३ टोकाला असल्यामुळे सर्वांत मोठे वर्तुळ काढते, आणि तिला ढकलायला फारच थोडी हवा पुरते. झाडाच्या आकृतीत ती सर्वांत किरकोळ गोष्ट होती. मी तर तिला कोपऱ्यात, मागाहून आठवल्यासारखी काढली होती. आता खोलीत शिरल्यावर नजर आधी तिच्याकडेच जाते. दुसरे असे, की ८४४२ पासून सुरू होणारी वाट सर्वांत लांब वाटांपैकी एक आहे : ८४४२, ९९५४, ५५५३, ९९८१, ८८२०, ८५३२ आणि मग मूळ. या वाटेवरच्या सर्वांत खालच्या चकतीला हात लावला, तर तो धक्का वर जाता जाता इतका मंदावतो की मुळाला त्याची दादही नसते. वजाबाकीत मात्र तीच चकती सहा पावलांत न चुकता वर पोहोचते.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज कबुली. या आठवड्यात कार्यालयात एक अहवाल तपासताना मी विचारले की यातले आकडे जुळतात हे ठीक, पण एखादा आकडा थोडा हलला तर काय होईल. प्रश्न चांगला होता आणि तो बांबूच्या काडीने शिकवलेला होता, यात शंका नाही. हे लिहावे की नाही, यावर मी बराच वेळ अडलो, कारण असे एक वाक्य लिहिले की सगळ्या उद्योगाचे समर्थन मिळते आणि तो नसता राहत नाही. शेवटी लिहिले, कारण घडले ते घडले. पण जमेला धरणार नाही. तो प्रश्न मला सुचला नसता, तरी झाड तेवढेच झुलले असते.

यासंदर्भात कापरेकरांकडे परत यावेसे वाटते. त्यांनी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतले नव्हते, ते शाळेत शिकवत राहिले, आणि संख्यांचे त्यांचे खेळ बराच काळ गंभीर गणितज्ञांच्या कौतुकाचा विषय नव्हते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पसरले. त्या वेळी त्यांनी सत्तरीत पाऊल टाकलेले होते. ६१७४ चा शोध तेव्हा पाव शतक जुना झाला होता. त्या मधल्या पंचवीस वर्षांत तो कमी खरा होता असे कोणी म्हणणार नाही. आणि आजही त्याचा व्यवहारात काही मोठा उपयोग झाला आहे असे नाही. तो आहे तसाच आहे, कोणत्याही मुलाला पाटीवर करून पाहता येईल असा. त्यांनी काही संख्यांना डेम्लो असे नाव दिले, ते ज्या रेल्वे स्थानकावर त्या सुचल्या त्या स्थानकाच्या नावावरून. गाडीची वाट पाहणारा माणूस फलाटावर संख्यांशी खेळतो आहे, हे दृश्य मला त्यांच्या कोणत्याही सिद्धतेइतकेच आवडते.

शनिवार, १ मार्च

संगणकावरची बंदी आज उठवली. ९९९० संख्यांचा हिशेब त्याने मला ‘सुरू’ म्हणायला लागला तेवढ्या वेळात केला. तीन पायऱ्या लागणाऱ्या संख्या सर्वांत जास्त, २४००. पूर्ण सात पायऱ्या लागणाऱ्या २१८४. एका पायरीत येणाऱ्या ३८३. आणि शून्य पायऱ्यांची एकच, स्वतः ६१७४. माझे झाड त्याच्याशी पडताळले. तिसांपैकी एकही चकती चुकीच्या दोऱ्याला नव्हती.

भाची आली, तिने झाडाला फुंकर घातली आणि विचारले, “मामा, पाच अंकांचं झाड कधी करायचं?” तिला तीन अंकांचे आधी दाखवले, तिथे ४९५ वर सगळ्या वाटा येतात आणि झाड अगदी लहान होते. पण पाच अंकांत असे एक मूळच नाही. ५३९५५ मधून ५९९९४ निघते आणि ५९९९४ मधून पुन्हा ५३९५५. चार चार संख्यांची आणखी दोन चक्रे आहेत : ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ हे एक, आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३ हे दुसरे. संख्या या तिन्हींपैकी एखाद्या चक्रात शिरते आणि कायम फिरत राहते. झाडाला वरचे टोक असते, म्हणून ते हुकाला टांगता येते. चक्राला वरचे टोक नसते.

“मग ते टांगायचं कशाला?” तिने विचारले.

टेबलावर उरलेल्या तारेतून तिने एक कडे वळवले आहे आणि त्याला समोरासमोर दोन चकत्या बांधल्या आहेत, एकीवर ५३९५५ आणि दुसरीवर ५९९९४. कडे दोन चकत्यांच्या अगदी मधोमध धरले नाही, तर कोणती तरी एक चकती वर जाते, आणि ते तिला मान्य नाही. सध्या ते जमिनीवर आडवे ठेवून ती भोवऱ्यासारखे फिरवून पाहते आहे, आणि दर फेरीला एक चकती जमिनीला घासते.